दोन रकाने

मिनीन जहाजावर गेला, सहा महिन्यांच्या करारावर,
आणि त्याच्यासोबत आमचे सगळे मंत्र गेले.
आता कोण हात ठेवणार छातीवर,
कोणाच्या बोटांतून उजेड झरणार?
टोळीत उरले तिघे: एक चोर, एक तिरंदाज,
आणि कुस्तोदचा म्हातारा हवालदार,
ज्याच्याकडे ना देव, ना जडीबुटी,
नुसता आवाज.

कुडचड्यात, बेकरीच्या माडीवर
शनिवारी रात्री आम्ही फासे टाकतो.
खाली पदेर दोन वाजता भट्टी पेटवतो
आणि ते हळूहळू आमच्या तळव्यांना कळतं.

नियमांच्या पुस्तकात एक ओळ आहे:
हवालदार ओरडला की पडलेल्याला आठ प्राण परत.
नुसता ओरडला की.
"ऊठ मरे!" कुस्तोद टेबलावर थाप मारतो,
आणि ग्लेनचा चोर, पोटात भाला घेऊन पडलेला,
उठतो, कपडे झटकतो, जिना चढू लागतो.

सुलक्षा पेन्सिल खाली ठेवते.
बांबोळीला अस्थिविभागात असते ती,
आज पाळी संपवून थेट इथे.
"भाला कुठे गेला?"
कोणी बोलत नाही.
"नाही, मला सांगा ना, भाला कुठे गेला?
आतडं कुणी शिवलं? शब्दांनी?"

खेळ मी चालवतो, उत्तर मी द्यायचं.
म्हटलं, प्राण म्हणजे रक्त नव्हे गं.
दम. नशीब. डोळ्यांवर आलेला अंधार
मागे सारायची ताकद.
भाला घासून गेला असेल.
"तूच म्हणालास, आरपार."
म्हणालो होतो. फाशावर वीस पडले, मला चेव आला.

"एक रेंदेर आहे वॉर्डात," ती म्हणाली,
"माडावरून पडलेला, खुब्यात सळई.
रोज सकाळी त्याला म्हणते, एक पाऊल, बाबा, खिडकीपर्यंत.
खिडकीतून पार्किंग दिसतं, तरी जातो.
आवाजाने माणूस उठतो हे मला नको शिकवूस.
पण सळई आत असते.
मी ती कागदावर लिहिते.
तू लिहीत नाहीस."

मी वहीचं पान उभं दुमडलं.
डावीकडे दम, उजवीकडे जखम.
डावा रकाना भरेल ओरडण्याने, वाटीभर पेजेने,
एखाद्या फालतू विनोदानेसुद्धा.
उजव्याला दिवस लागतील,
उकळलेलं पाणी, स्वच्छ फडकं,
आणि उशाशी कोणीतरी जागं.
ग्लेन कुरकुरला: मग दोन आठवडे मी काय करू, कौलं मोजू?

कुस्तोद इतका वेळ गप्प.
उजवा पाय टेबलाखाली लांब सोडलेला,
तो नेहमीच तसा असतो,
आम्हाला वाटायचं, ऐसपैस बसायची सवय.
"उपांत्य सामना. गोलात मी.
गुडघ्यात काहीतरी मोडलं, सुकं चुडत मोडावं तसं.
कोच बादली घेऊन धावला, गार पाण्याचा स्पंज पिळला
आणि कानात ओरडला.
काय ओरडला ते सांगत नाही, आई काढली होती.
उठलो. पेनल्टीसुद्धा अडवली.
आठ नाही मरे, ऐंशी प्राण आले होते तेव्हा."
मग चहा ढवळत राहिला,
साखर कधीच विरघळलेली.
"तो माझा शेवटचा."

कोळशाची मालगाडी गेली.
फासे आपोआप थरथरले,
कोणी आकडा वाचला नाही.

"तुझी पाळी," मी म्हटलं.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर चोर पुन्हा कोसळलेला,
वरून मशाली उतरत होत्या.
डावा रकाना रिकामा.
हवालदाराने छाती भरून श्वास घेतला
आणि आम्ही सगळे, सुलक्षासुद्धा,
त्या आवाजाची वाट बघू लागलो.

कुस्तोदने रिकामी बशी उचलली,
ग्लेनच्या सोंगटीपुढे आडवी धरली.
"उगी राव, पुता," अगदी हळू म्हणाला.
"न्हिदून राव. हांव हांगा आसां."

"याचे किती लिहायचे?" सुलक्षाने विचारलं.
मी पुस्तक चाळलं, मागची सूचीसुद्धा.
खाली पदेराने भट्टीचं दार उघडलं.