नाईट ड्युटीची वही

मेडिकलवाल्यानं फुकट दिलेल्या डायरीत
मागच्या वर्षीच्या तारखांवर
मी इंग्रजी क्रियापदं लिहिते.
एकेक साधं, पहिलीच्या पुस्तकातलं,
आणि त्याला बारकंसं शेपूट:
अप, ऑफ, आउट, ओव्हर.
क्रियापद मला येतं.
शेपूट येत नाही.

पावणेतीन वाजलेत. मिरज स्टेशनातली बाई
मराठी संपवून कानडीत शिरली आहे.
दोन सलाईन संपत आलेली,
आणि मी पास आउटपाशी अडकलेय.
आमच्याकडे पास आउट म्हणजे
डिग्री घेऊन फोटो काढलेली पोरगी.
तिकडे तोच माणूस फरशीवर आडवा,
आणि पास अवे झाला तर चादर तोंडावर.
परवा सरावात
खोट्या पेशंटच्या खोट्या मुलाला
मी आउटच्या जागी अवे म्हणून गेले.
सर म्हणाले, सिस्टर, एका शब्दात माणूस मारलात.
सगळे हसले. मीही हसून घेतलं.

रूथ आवळेला लीड्सला जाऊन आठ महिने झाले.
तिचा व्हॉइस मेसेज येतो, मागे भांड्यांचा आवाज:
"अगं, व्हॉमिट फक्त फाईलवर असतं.
पेशंट म्हणतो, थ्रो अप.
पहिल्या दिवशी मी छताकडं बघत राहिले,
काय फेकलं म्हणून."
आणि ब्रिंग अप?
तेही ओकणंच, आणि लेकरं वाढवणंही तेच.
आईला सांगितलं, तर भाकरी उलटत म्हणाली,
"बरोबर हाय की. आतलंच काढून घालावं लागतंय."

मी चिडलेच होते. ही कसली भाषा,
जिथं देणं आणि वर मिळून
हार मानणं होतं?
मग चहा गाळताना थांबले.
आपण सोडून देतो.
सोडण्यात देणं आलं कुठून? दिलं कुणाला?
विसरून जातो. जातो कुठं?
परवा मी हसून घेतलं, ते कुणाकडून घेतलं?
आणि म्हणून गेले तेव्हा
गेले तर कुठंच नव्हते, बाकावरच होते,
मांडीवर पर्स धरून.
पस्तीस वर्षं मी या शेपटांवर बसून बोलतेय
आणि मला वाटत होतं
ही जमीनच आहे.

लुक आफ्टर मात्र पाठ करावं लागलं नाही.
नऊ नंबरच्या मल्लव्वा बिरादार, जतकडच्या,
पहिल्याच रात्री म्हणाल्या होत्या,
"मला बघणारं कोण न्हाई बाई."
चांगल्या डोळ्यांची सून
तेव्हा दारातच उभी होती,
मोबाईलच्या उजेडात.

आज त्यांची कूस बदलताना सांगून टाकलं,
शनिवारी परीक्षा आहे, पास झाले तर जाणार.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
कानडीत दोन शब्द स्वतःशी,
मग माझ्यासाठी मराठीत आल्या:
"जा की. जाऊन ये.
पर तिकडंच जाऊन बसू नगंस."

डायरीत लिहिलं, एकोणीस जूनच्या खाली:
जाऊन बसू नको.
समोर इंग्रजी लिहायला घेतलं.
गो. सिट. डोन्ट.
सेटल डाउनमध्ये घर येतं, सोफा येतो,
मल्लव्वा येत नाहीत.
स्टे ऑन थोडं जवळचं,
पण त्यात ती भीती नाही,
आणि चार दिवसांच्या ओळखीवर
मला दटावायचा तो हक्कही नाही.
अप लावून बघितलं. ऑफ. आउट.
तेवढ्यात अकरा नंबरच्या नळीत
रक्त उलटं चढायला लागलं.
उठले, चिमटा फिरवला, बाटली बदलली,
नाडी बघितली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची.

उजाडलं तेव्हा डायरी उघडीच होती.
ओळ तेवढी राहून गेली.