असे वाचावे

निधनवार्ता माझ्याकडे असतात. पान चार, खालचा कोपरा,
वधूवर मेळावा आणि वाचनालयाची सभा यांच्या मधोमध.
वीस शब्दांपर्यंत दोनशे,
पुढे शब्दाला बारा रुपये.
म्हणून माणसं टेबलाशी उभी राहून
डोळे पुसत काटछाट करतात.
‘अत्यंत’ काढा.
‘मनमिळाऊ’ असू द्या, आई म्हणेल.

एकतीस वर्षांत भांडीबाजारातले तांबट
संपवत आणले मी, प्रत्येकी चार ओळींत.
केरू तांबटांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली, असं छापलं
आणि पुढच्याच महिन्यात त्या पोकळीत
मोबाईलच्या कव्हरांचं दुकान निघालं.

मार्गशीर्षात सुकदेव कहार गेले.
धाकट्यानं कागद आणला: वय त्र्याऐंशी, अंदाजे.
पश्चात पत्नी, तीन मुलगे, एक मुलगी, सुना, नातवंडे.
काम काय करायचे?
‘नदीतून माणसं काढायचे. जिवंत कमी.’
किती?
‘चौकीच्या वहीत असेल.’
चौकीतली वही वाळवीनं केव्हाच वाचून संपवली होती.
मी लिहिलं, सामाजिक कार्यकर्ते.
दोन शब्द. चोवीस रुपये.

दहाव्यानंतर आठवड्यानं एक बाई आली.
हातात आमचाच अंक, तेलानं पारदर्शक झालेला.
भजी बांधून आली होती त्यात. नातीनं वाचून दाखवलं म्हणे.
‘यात एकच मुलगी लिहिलीय. आम्ही दोघी.’

बाई, मजकूर मुलानं दिला.
‘त्याचं काय चुकलं. तो माझ्यामागचा.
मी नांदायला गेले तेव्हा तो रांगत होता.’

मग ती बसली. पाणी दिलं ते नुसतंच धरून ठेवलं.
एकोणसत्तरला दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला
त्या दुपारी कडब्याची एक गंजी वाहत आली,
वर ती, एका बाहीचं झबलं घालून.
सुकदेवनं तीन दिवस तिला खांद्यावर घेऊन
उतरत्या पाण्याच्या काठानं विचारलं,
कुणाची? कुणाची?
चौथ्या दिवशी विचारणं बंद केलं
आणि नाव ठेवलं, लाभू.

सवयीनं तोंडून गेलं: काही पुरावा?

‘पुरावा कसला, दादा? पुरानंच आणलं मला.
लग्नात हातावर पाणी सोडलं त्यांनी,
तेवढं आहे. ते कसं दाखवू?’

आमचा नियम असा की चूक आपली असेल
तरच शुद्धिपत्र फुकट.
चूक कुणाची, हे ठरेना.
मी कागद पुढे ओढला.

‘गतांकातील निधनवार्तेत कै. सुकदेव कहार यांच्या पश्चात
एक मुलगी याऐवजी दोन मुली असे वाचावे.’

पेन उचललं नाही. विचारलं,
किती काढली असतील त्यांनी, सगळी मिळून?

‘मोजत नसत. जिवंत निघालं कुणी
तर रात्री एक भाकरी जास्त खायचे.
नाहीतर अंगणातच झोपायचे, ओल्या लंगोटावर.
आम्हाला ताटावरून कळायचं.’

‘तसेच सामाजिक कार्यकर्ते याऐवजी
पोहणारे असे वाचावे.’

तिनं कनवटीची पिशवी सोडली.
नको, म्हटलं. याचे पैसे नाहीत.

‘नाहीत?’ तिनं जरा विचार केला.
‘मग एखादा शब्द जास्तीचा घाला.’