चोक

डिसेंबर, बिबवेवाडी, सकाळचे पावणेआठ.
सीडी हंड्रेडवरचं कव्हर काढताना
दवाचं पाणी बाहीत गेलं.
बाबा पायरीवर उभे,
कानटोपी, आणि उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी.
ती सोडवायला नऊला बोलावलंय, टिळक रोडला.
रिक्षा नको म्हणाले.
म्हणून वाकडहून मी आले.

दोन वर्षांतलं आमचं सगळं बोलणं
एका लाइटबिलाच्या मागे मावलं असतं.

‘चोक दे.’
आजचं पहिलं वाक्य.
एक किक, काही नाही. दुसरीला खोकला.
तिसरीला लागली, थरथरत,
आणि तिसऱ्या मजल्यावर छत्रेबाईंची खिडकी
धाडकन बंद झाली.

‘दोन मिनिटं राहू दे तशीच.’
ही दोन मिनिटं मला पाठ आहेत.
शाळेत असताना मी टाकीवर तळवे ठेवून उभी राहायचे,
बाबा डबा हँडलला अडकवायचे
आणि सांगायचे, ऑइल रात्रभर तळाशी जाऊन बसतं,
वर यायला वेळ नको त्याला?
तुला हाक मारली की तू लगेच उठतेस का?

नाना पेठेतले इलाही शिकलगार म्हणायचे,
अर्धं मिनिट पुष्कळ झालं, साहेब.
उभ्या उभ्या तापवलेली गाडी फुकट पेट्रोल पिते,
प्लगचं तोंड काळं करते,
आणि गिअरबॉक्स, चेन, टायर
ते सगळं थंडच.
चालवत तापवा.
पहिले दोन किलोमीटर तिच्याकडे काही मागू नका.
वीस वर्षं हे भांडण चाललं, चहावर,
दोघांच्याही खिशात पुरावा म्हणून
जुने प्लग असायचे.

आता आम्ही दोघं सायलेन्सरकडे बघत उभे,
जणू तोच काहीतरी बोलणार आहे.
पांढरी वाफ.
मी मनात मोजत होते. चाळीस. एक्केचाळीस.
असं उभं राहून गरम व्हायची वाट
आम्ही दोन वर्षं बघितली होती.

‘बसा.’
‘अजून झालं नाही—’
‘बसा, बाबा.’
एका डोळ्याने बघितलं त्यांनी माझ्याकडे.
मग बसले. हात मागे, कॅरिअरला.

पहिला गिअर खट् करून पडला.
सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर गाडी अडखळली,
मेली नाही.
‘दुसऱ्यातच ठेव.’
‘ठेवलाय.’
दुधाचे क्रेट, उलटी लावलेली स्कूल व्हॅन,
कुत्र्यांना बिस्किटं घालणारा एक स्वेटर.
पुष्प मंगल कार्यालयाशी
‘डावीकडून घे.’
‘हो.’

सातारा रोडला ऊन एकाच बाजूला पडलं होतं,
मी त्या बाजूने घेतली.
हेल्मेटमधून अर्धवट ऐकू आलं,
‘...पाणी येतं का रोज?’
‘कुठे?’
‘तिकडे. तुझ्याकडे.’
‘एक दिवसाआड. बाकी टँकर.’
‘मग पिंप भरून ठेवतेस ना?’
‘ठेवते.’
‘झाकण लाव त्याला. डास होतात.’

सिग्नलला त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला.
ब्रेक लागल्यामुळे असेल.
हिरवा झाल्यावरही तिथेच होता.

लक्ष्मीनारायण मागे पडलं, तरी गाडी भकभक करतच होती,
जड, घसा धरल्यासारखी.
मी काही बोलले नाही.
बाबा पुढे वाकले.
‘चोक काढलास का?’

डावा हात खाली नेला, चाचपडलं.
नव्हता काढला.
टिचकीसरशी लिव्हर खाली गेली
आणि आवाज एकदम मोकळा झाला,
स्वारगेटच्या एवढ्या गोंगाटात मला तो वेगळा कळला.

‘सांगत होतो,’ मागून बाबा म्हणाले,
खांद्यावरची बोटं जरा घट्ट करून,
‘त्या शिकलगारला काही कळत नाही.’