शून्य मैल

वहीचं पहिलं पान मी दरवर्षी कोरं ठेवतो.
विजेत्याचं नाव तिथं, सगळ्यात शेवटी.
यंदा नाही लिहिलं.

हिंगण्याच्या पुढं, मुरमाच्या खदानीमागं
दीड किलोमीटरची गोल धूळ आहे,
तिला आम्ही ट्रॅक म्हणतो.
जुन्या फियाट, दारं वेल्डिंगनं बंद केलेल्या एस्टीम,
एक मारुती, जिचं छत दोनदा जमिनीला टेकून आलंय.
एकतीस वर्षं मी एसटीच्या वर्कशॉपात गिअरबॉक्स उघडले;
कानाला दुपट्टा गुंडाळूनही मला कळतं
कोणाचा तिसरा गिअर अडकतो.

हेमराज उईके. गाडी नंबर तेवीस.
अकरा शर्यती. चारदा पहिला, पाचदा दुसरा,
एकदा तिसरा,
आणि एकदा चौथा, टायर फुटल्यावर
नुसत्या रिमवर, ठिणग्या काढत.
नव्वद गुण. मागचा बावन्नवर.
एक शर्यत उरली होती आणि हिशेब संपला होता.
त्या रविवारी तो घरी झोपला असता
तरी चषक त्याचाच होता.

हेच खुपलं बहुतेक.

भोंग्यावर पिंपळापुरे साहेब बोलले,
पांढरा शर्ट, बुटांवर धुळीचा कण नाही:
रोमांच वाढवण्यासाठी समितीनं ठरवलंय,
पहिले चार जण आजपासून शून्यावर.
शेवटची शर्यत जो मारेल, वर्ष त्याचं.

आधी कोणीतरी हसलं. विनोद वाटला.
मग अश्फाक, मोमीनपुऱ्याचा, पान्याचे हात पुसत म्हणाला,
"काउन बे, मंग अकरा आयतवार
आपण काय धूळ खाऊन राह्यलो होतो?"

शर्यतीचं काय सांगू.
हेमराज पुढं होता, शेवटच्या वळणापर्यंत पुढं होता.
अ‍ॅक्सिलरेटरची केबल तुटली.
चाळीस रुपयांची केबल.
सावनेरचा पोरगा आला पहिला, तन्मय चापले,
वर्षभरात एकच शर्यत जिंकलेला.
पोरगा वाईट नाही.
त्यानं चषक असा धरला
जसा शेजाऱ्याचा डबा चुकून हाती यावा.

आम्ही अर्ज दिला. बासष्ट सह्या, एक अंगठा.
उत्तर आलं: आपल्या भावनांची नोंद घेतली आहे.
नोंद तर मीही घेतो, साहेब.
माझ्या नोंदीला उन्हात उभं राहावं लागतं.

त्या संध्याकाळी घरी जायचं सोडून
सायकल सिव्हिल लाइन्सकडे वळवली.
झीरो माइलला ते चार घोडे आहेत ना,
मान वर, पाय उचललेले,
इतकी वर्षं धावायच्या बेतात.
चार.
मला हसू आलं, मग नाही आलं.

पण दगडाजवळ जाऊन बघा.
शून्य आहे, खरंय, सगळं तिथून मोजतात,
तरी त्याच्या अंगावर कोरलंय:
चांदा, रायपूर, जबलपूर, छिंदवाडा,
आणि समोर मैल.
चांद्याहून चालत आलेल्या माणसाला
हा दगड म्हणत नाही
की तू कुठूनच आला नाहीस.

पुढच्या मोसमात पाय ठेवणार नाही,
असं मी चौकातल्या तर्री-पोहेवाल्याला सांगितलं.
तो म्हणाला, मागच्या वर्षीपण सांगितलं होतं.
तर्री जास्त टाकली त्यानं. पैसे पूर्ण घेतले.

परवा अश्फाकच्या गॅरेजात गेलो.
तेवीस नंबर बॉनेट उघडून उभी,
हेमराज कमरेपर्यंत आत.
चषकाचं काही बोलला नाही.
समितीला शिवी नाही दिली, ती मीच दिली, दोनदा.
बराच वेळ नुसता पान्याचा आवाज.
मग आतूनच विचारलं,
"काका, किती झाले होते?"
वही उघडायची गरज नव्हती, तरी उघडली.
"नव्वद."
"नव्वद," तो म्हणाला,
आणि हात बाहेर काढला,
नवीन केबल मागत.