निरीक्षणाखाली

अकरानंतर शेवटची गाडी डेपोत निजते,
वीज तोडल्याचा निरोप येतो
आणि आमचा दिवस उगवतो.
मी, यासीन तांबोळी, दोन बॅटऱ्या, पान्यांची पिशवी,
आणि एक लांब दांड्याची हातोडी,
जी नियमावलीत कुठेच नाही.

तांबोळीचाचा आधी रेल्वेच्या यार्डात होते.
ते बोल्ट ठोकतात आणि कान देतात.
आई बाजारात माठ घेताना
बोटाच्या पेरानं त्याला विचारायची, तसं.
खणखणीत बोलला तर पुढे.
बद्द वाजला तर थांबायचं.

नदीवरच्या वळणात एक बद्द वाजतो.
खाली मुठा. अंधारात
तिचा वासच तेवढा दिसतो.
आवळला. लिहिला. तारीख, वेळ, सही.
चौथ्या रात्री परत बद्द.
परत आवळला, परत लिहिला.
वरून शेरा आला, वळणदार अक्षरात:
निरीक्षणाखाली.

सुरुवातीला मला हा शब्द फार आवडला.
वाटलं, कोणीतरी बसलंय त्या बोल्टच्या उशाशी,
कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवतंय.
पुढे कळलं, निरीक्षण म्हणजे मीच.
तेही आठवड्यातून दोन रात्री.

त्याच शब्दाखाली आणखीही पुष्कळ काही राहतं:
मिटता मिटता विचार बदलणारं तिसऱ्या डब्याचं दार,
महिनाभर पायऱ्या होऊन उभा असलेला सरकता जिना,
छताखालची ती निळी बादली,
जिला आता सफाईवाले आपली समजून धुतात.

साहेब वाईट नाहीत.
म्हणाले, एका बोल्टनं काही होत नाही, मॅडम,
तिथे चोवीस आहेत.
खरंच आहेत. मी मोजलेत.
फक्त पहाटे, डोळा लागता लागता,
वाटतं, उरलेल्या तेविसांपैकी प्रत्येकाबद्दल
कुठेतरी कोणीतरी
हेच म्हणत असेल.

सकाळी मी पहिल्या गाडीनं वनाजला जाते. घरी.
साधा पंजाबी ड्रेस, नखांत ग्रीस.
शेजारी सोनकांबळे मावशी, येरवड्याहून बसलेल्या,
कोथरूडमध्ये सहा घरच्या पोळ्या करतात.
मेट्रो आली, म्हणाल्या, आणि
माझी अर्ध्या तासाची झोप वाढली बघा.
हे त्या अशा सांगतात
जशी कोणी माहेरची साडी दाखवतं.

परवा गाडी नदीवरच थांबली.
दिवे गेले, आले.
पंखा उसासा टाकावा तसा बंद पडला.
तांत्रिक कारणास्तव, म्हणाली ती बाई,
जिला कधीच कुठे पोचायचं नसतं.
लोकांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे,
मग खिडकीतून खाली.
मी पाहिलं नाही. मी ऐकत होते.

मावशी हळूच म्हणाल्या,
एक विचारू? राग नका मानू.
रोज बघते मी तुम्हाला.
नदी आली की तुम्ही दांडा धरता.
बसलेल्या असूनसुद्धा.

मी हाताकडे पाहिलं.
धरलेला होता.

काही नाही हो, सवय, म्हटलं.
गाडी हलली. डेक्कन आलं. लोक उतरले, चढले,
उशिराचा राग आपापल्या फोनमध्ये भरत.
मावशींनी पुढे काही विचारलं नाही.
पण काल, वळण यायच्या जरा आधी,
त्यांनी डबा पायांत दाबून ठेवला,
आणि माझ्या मुठीच्या वर
त्यांची मूठ आली,
पिठाच्या भेगांची, घट्ट.
समोरच्या कॉलेजच्या पोरानं ते पाहिलं
आणि का ते न कळता
त्यानंही वरचा पट्टा धरला.

आज रात्री परत बद्द वाजला.
चाचा काही बोलले नाहीत, हातोडी माझ्या हातात दिली.
मी आवळला.
वहीत मात्र आज बोल्ट लिहिला नाही.
तारीख घातली, वेळ घातली,
आणि खाली लिहिलं:
प्रवासी दांडा धरू लागलेत.

शेऱ्याचा रकाना
अजून कोरा आहे.