खिसे तपासणारी

डंडीत, हिल्टाउनच्या चढावर,
दानात आलेल्या कपड्यांचं एक दुकान आहे.
मागच्या खोलीत मी खिसे तपासते.
हेच काम. तासाचे ठरलेले पैसे,
हातमोजे दुकानाचे.

खिशांत काय नसतं?
बसची तिकिटं, वितळून पुन्हा घट्ट झालेली पेपरमिंट,
टिश्यूत गुंडाळलेला कुणाचा दुधाचा दात,
एकदा तर चर्चच्या खुर्च्यांचा हिशेब:
एकशे चार, पैकी दोन मोडक्या.
पैसे सापडले तर गल्ल्यात.
बाकी सगळं वहीत लिहायचं, मिसेस गेडिसचा नियम.

त्या गुरुवारी माझ्याच खिशात
चार पौंड आणि थोडी चिल्लर.
पगार शुक्रवारी दुपारी.
घरी तीन तोंडं, त्यांना रोज संध्याकाळी
एकच प्रश्न पडतो: आज काय?

दुकानात पाककृतींच्या पुस्तकांचं आख्खं कपाट आहे.
सगळी चाळून झाली होती.
प्रत्येक पानावर एक तरी जिन्नस असा
की नाव वाचूनच पाकीट मिटावं.

मग तो कोट आला.
तपकिरी, जाड, पुरुषाचा,
कोपरांवर झिजून मऊ,
तंबाखूचा आणि ओल्या कुत्र्याचा वास.
आतल्या खिशात शर्यतीची चिठ्ठी.
घोड्याचं नाव ‘उशिराचा पाहुणा’.
मागे पेन्सिलीनं:

कांदे दोन, बारीक.
चरबी अक्रोडाएवढी. नसेल तर लोणी.
तेही नसेल तर शेजारी विचार.
ओटचा भरडा माणशी एक मूठ,
आणि एक मूठ पातेल्यासाठी.
मीठ. मिरी, हात सैल सोडून.
हलवत राहा, फोन वाजला तरी.
एल्स्पेथला सांगू नको मला येतं म्हणून.

उभ्या उभ्या तीनदा वाचलं.
याला स्कर्ली म्हणतात, एवढं ठाऊक होतं.
आईनं कधी केली नाही.
गरिबीचं खाणं, म्हणायची,
आणि डबाबंद काहीतरी उघडायची.

वहीत लिहिलं: कागद एक. किंमत नाही.

संध्याकाळी चरबीत कांदा चरचरला
तसा स्ट्रूअन कानातली बोंडं काढून आला.
ऊना म्हणाली, ही वाळू आहे का?
मग दुसऱ्यांदा घेतली, न विचारता.
बरोबर उकडलेले बटाटे, आणि चहा.
पातेल्यासाठीची मूठ खरंच पातेल्याला गेली,
तळाशी खरपुडी धरली,
तिच्यावरून भांडण झालं,
आणि धाकटा लॅक्लन चमच्यानं खरवडून ती जिंकला.
सगळा खर्च एक पौंड दहा.
बेरीज पुन्हा करून पाहिली. तेवढाच.

‘घोडा जिंकला का?’
ऊनानं चिठ्ठी उलटून विचारलं.
नसेल, मी म्हटलं.
जिंकला असता तर त्यानं ती खिडकीवर दिली असती,
आपल्यापर्यंत कशी आली असती?

कोट शनिवारी गेला, बारा पौंडांना,
एका लांब मानेच्या पोराकडे.
परीक्षेचे दिवस असावेत, डोळे तसेच.
आदल्या दिवशीच मी नक्कल करून
चिठ्ठी परत आतल्या खिशात ठेवली होती.
खाली माझ्या पेननं एक ओळ वाढवून:
वर अंडं फोडलं तरी चालतं, पगार झाला असेल तर.

नियमानं खिसा रिकामा हवा.
कोट घडी करताना मिसेस गेडिसनं विचारलं,
तपासलास ना हा?
तपासला, म्हटलं.
दोनदा.