टनाचा हिशोब

टन म्हणजे वजन नव्हे, हे मी बेहेरेसाहेबांना दोनदा सांगितलं.
एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते
तेवढी हे यंत्र केबिनमधून उचलतं आणि समुद्रात नेऊन टाकतं.
ते म्हणाले, पण बोट जड होईल ना?
होईल. त्रेसष्ट किलो. शिवाय जनरेटर.
त्यांनी मनातल्या मनात वेगातून काहीतरी वजा केलं
आणि आवंढा गिळला.

बोटीचं नाव कुमुदिनी, त्यांच्या आत्याचं.
आत्याच्या पाठीमागे सहाशे घोडे.
राजिवड्याच्या धक्क्यावर, वाळत घातलेल्या जाळ्यांशेजारी
ती ट्रॉलीवर बसली होती
लग्नघरात चुकून आलेल्या पाहुणीसारखी,
सगळे बघतायत, पाणी कुणी विचारत नाही.

मी मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यातला मेकॅनिक.
बाप तिथंच लाद्या ओढायचा, हातात आकडा, पाठीवर गोणपाट.
टनाला सात लाद्या आणि वर एक तुकडा,
तो तुकडा फडक्यात बांधून घरी यायचा, निम्मा.
टन म्हटलं की मला ओलं गोणपाट दिसतं.

ऑक्टोबरची दुपार. केबिनच्या पोटात
मी कोपरांवर सरपटत गेलो, तोंडात टॉर्च.
फायबरची कूस मानेला चावत होती.
पाइप वळवायला जागा नाही, वळायला मला जागा नाही,
वरून बेहेरेसाहेब विचारतायत, झालं का?

आणि मग भोक.
थंड करायचं तर समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं,
त्यासाठी पाण्याच्या रेषेखाली, भल्या चांगल्या बोटीला.
होडेकरचाचांनी बिडी विझवली.
"साठ वर्षं मी भोकं बुजवत आलो," म्हणाले,
आणि जाळ्यांकडे तोंड करून बसले
ड्रिलचा आवाज थांबेपर्यंत.

चकती निघाली. बशीपेक्षा लहान, मधे छिद्र.
झडप बसवली, गाळणी बसवली, पंप.
भरतीला बोट पाण्यात सोडली
आणि मी अर्धा तास आत बसून
त्या एकाच जागेवर बोट फिरवत राहिलो.
कोरडं.

चाचणीला पूर्णगडच्या दिशेने निघालो.
खाडीच्या तोंडाशी, वाळूचा दांडा चुकवताना,
केबिनमध्ये चोवीस डिग्री.
बेहेरेसाहेबांनी आत बसून चहा घेतला, कपाचा आवाज न होता.
मग म्हणाले, आता सोडा.

सहाशे घोडे सुटले.
नाक वर, पोट वर, निम्मी बोट हवेत,
आणि माझं भोकही हवेत.
पंपाने पाण्याऐवजी वारा ओढला, घरघरला, गप्प झाला.
पॅनेलवर लाल दिवा.
हळू केलं की थंड. जोरात केलं की बंद.
पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच.

बेहेरेसाहेब माझ्याकडे बघतायत, मी समुद्राकडे.
चाचा सुकाणूवर, डोक्याचा रुमाल फडफडतोय.
"एवढा वारा लागतोय," ते म्हणाले,
"आणि आत कशाला बसायचं?"
कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने साहेबच हसले.

इंजिनं मंदावून परत आलो.
कडेच्या नळीतून बारीक धार पडत होती.
मी वाकून हात धरला: कोमट.
केबिनमधली दुपार होती ती,
थोडी थोडी करून समुद्रात जात होती.

जुनं भोक बुजवलं, पाच थर, चाचांच्या हाताने.
नवं पाडलं मागे, खोल, पाण्यातून कधी न निघणाऱ्या जागी.
या वेळी चाचांनी टॉर्च धरला.
पैसे मिळाले, निम्मे. बाकीचे दिवाळीनंतर.

चकती मी खिशात टाकली होती.
चाचांना दिली, चावीला बांधा,
चावी पाण्यात पडली तर तरंगेल.
दुसऱ्या दिवशी त्यांनी ती परत आणून दिली.
"बादलीत टाकून बघितली," म्हणाले. "बुडते."